धने तेलातलं लिनालूल झाडाचं की कारखान्यातलं? कायरल जीसीवर कसं ठरवायचं

धनेजिरे | सोमवार, सकाळी ९:४०

धने तेलात बाहेरून लिनालूल (तेलाचा मुख्य सुगंधी घटक) घातलंय का, हे कायरल जीसीवर, म्हणजे एकाच रेणूची डावी-उजवी (एस आणि आर) रूपं वेगळी करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, ठरवायचं आहे. नमुने तीन. न. १ म्हणजे मार्केट यार्डातल्या धन्यांचं क्लेव्हेंजरवर (ऊर्ध्वपातनाचं काचेचं उपकरण) इथेच काढलेलं तेल. न. २ आणि न. ३ बाजारातून विकत घेतलेल्या बाटल्या. साध्या पाच टक्के फिनाइलच्या कॉलमवर लिनालूल अनुक्रमे ६८, ६९ आणि ७४ टक्के आलं. बाकी नेहमीची मंडळी: गॅमा-टर्पिनीन, अल्फा-पायनीन, कापूर, जेरानिल अ‍ॅसिटेट. तिन्ही क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवले तर डोळ्याला खटकावं असं काही नाही.

कायरल कॉलम परमिथाइल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा, ३० मीटर, ०.२५ मि.मी. व्यास, ०.२५ मायक्रॉन फिल्म. हीलियम मिनिटाला १ मि.ली. ओव्हन ६० अंशांपासून मिनिटाला ५ अंशांनी २२० पर्यंत. इनलेट २५०, स्प्लिट १:२०, हेक्झेनमध्ये १० टक्के द्रावण, १ मायक्रोलिटर. डिटेक्टर एफआयडी (ज्योतीवर चालणारा).

लिनालूलच्या जागी एकच रुंद पीक येतं, शार्कच्या पंखासारखं, पुढच्या बाजूला किंचित खांदा. दोन रूपं सुटी होत नाहीत. कॉलम गेला असेल का?

---

रेषांकन | सोमवार, सकाळी १०:२५

कॉलमला बोल लावण्याआधी हिशेब करा. १० टक्के द्रावणाच्या १ मायक्रोलिटरमध्ये साधारण ८७ मायक्रोग्रॅम तेल. विसाने भागलं की कॉलमवर चार-साडेचार मायक्रोग्रॅम, त्यातलं लिनालूल तीन मायक्रोग्रॅम, म्हणजे ३००० नॅनोग्रॅम. ०.२५ मायक्रॉनची फिल्म एका घटकाचे ५० ते १०० नॅनोग्रॅम नीट पेलते. तुम्ही तीसपट ओझं लादलंय. शार्कचा पंख त्याचाच आहे.

कायरल कॉलमवर हे जास्त नडतं. साध्या कॉलमवर पीक थोडं फुगलं तरी शेजारी लांब असतो. इथे शेजारी अर्ध्या मिनिटावर, आणि तो त्याच वजनाचा, त्याच आकाराचा, फक्त आरशातला.

द्रावण ०.५ टक्के करा, स्प्लिट १:१००. कॉलमवर लिनालूल सुमारे ३० नॅनोग्रॅम पडेल. एफआयडीला तेवढं भरपूर होतं.

दुसरी चूक ५ अंशांची. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीशी दोन रूपांची जी पकड बसते, तिच्यातला फरक मुळात अगदी थोडा असतो आणि तापमान वाढलं की आणखी कमी होतो. भराभर तापवलंत तर रेणू वेगळे व्हायच्या आत बाहेर पडतात. त्यामुळे:

५० अंशांवर २ मिनिटं, मग मिनिटाला २ अंशांनी १३० पर्यंत, पुढे मिनिटाला १० अंशांनी २१०, तिथे ५ मिनिटं. एकूण ५५ मिनिटं. लिनालूल १०० अंशांच्या आसपास यायला हवं. त्यानंतरच्या भागात घाई केली तरी बिघडत नाही, तो फक्त कॉलम साफ करायला आहे.

इनलेट २५० नको, २२० करा. गरम इनलेट आणि मळलेला लायनर (इनलेटमधली काचेची नळी) एकत्र आले की लिनालूलमधलं पाणी निघून जातं आणि मर्सीन, ओसिमीनची फुकटची पिकं दिसायला लागतात. लायनर डीअ‍ॅक्टिव्हेटेडच वापरा. आतली काचलोकरही तशीच हवी. साधी काचलोकर घातली तर डीअ‍ॅक्टिव्हेटेड लायनरचा उपयोग काय?

---

पाषाण_रोड | सोमवार, दुपारी १२:०५

रेषांकन यांच्याशी सहमत. भर इतकीच की हीलियमचा १ मि.ली. प्रवाह या व्यासाला कमी पडतो. रेषीय वेग सेकंदाला जेमतेम २५ सें.मी. भरतो. हीलियमला ३० ते ३५ ठेवावा. हायड्रोजन जनरेटर असेल तर वाहक म्हणून हायड्रोजनच घ्या, ४० ते ५० सें.मी. फायदा केवळ वेळेचा नाही. वाहक वेगात असला की तोच पदार्थ कमी तापमानाला बाहेर येतो, आणि तापमान कमी म्हणजे दोन रूपांतलं अंतर जास्त. कायरल कामात हायड्रोजन वापरण्याचं खरं कारण हे आहे. मात्र ओव्हनमध्ये गळती-सेन्सर असल्याशिवाय करू नये, आणि स्प्लिटचा निकास धूर-कपाटात सोडावा.

एक प्रश्न: कॉलम परमिथाइलच का घेतला? लिनालूल मुख्य असेल तर २,३-डायइथाइल-६-टर्ट-ब्युटाइलडायमिथाइलसिलिल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे जास्त सोयीचे. नाव उच्चारताना दम लागतो, पण टर्पीन अल्कोहोल त्यावर छान फुटतात.

---

धनेजिरे | सोमवार, दुपारी १२:३०

@पाषाण_रोड, हाच उपलब्ध होता. नवीन घ्यायचा तर आधी या कॉलमवर नाही जमलं हे दाखवावं लागेल :)

---

रेषांकन | सोमवार, दुपारी १:१०

परमिथाइलवर लिनालूल सुटतं. आरामात नाही, पण सुटतं. कार्यक्रम बदलून बघा.

तेल टोचायच्या आधी एक करा. रेसिमिक (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असलेलं) लिनालूल, म्हणजे साधं कृत्रिम लिनालूल, सुगंधी रसायनांच्या कोणत्याही व्यापाऱ्याकडे मिळतं. ते आधी टोचा. त्यातून दोन गोष्टी तपासायच्या.

एक, रेझोल्यूशन. दोन्ही पिकांच्या निम्म्या उंचीवरच्या रुंदी घ्या, बेरीज करा. वेळेतल्या फरकाला १.१८ ने गुणा आणि त्या बेरजेने भागा. १.५ च्या वर आलं तर क्षेत्रफळांवर विश्वास ठेवा. १ च्या आसपास असेल तर सॉफ्टवेअर कुठेतरी उभी रेघ मारून आकडा देईल, त्याला अर्थ नाही.

दोन, गुणोत्तर. रेसिमिक म्हणजे ५०:५०. तुमच्याकडे ते ४९.५ ते ५०.५ च्या बाहेर गेलं तर तेलाला हात लावू नका. ५२:४८ आलं याचा अर्थ एका पिकाखाली काहीतरी लपलंय किंवा इंटिग्रेशनची बेसलाइन चुकलीय. ही चाचणी फुकटात होते, तरी पुष्कळ जण ती टाळतात.

दोन रूपांना एफआयडीचा प्रतिसाद सारखाच असतो, स्प्लिटमध्येही दोघांची वाटणी सारखीच होते. त्यामुळे अंतर्गत स्टॅण्डर्ड नको, रिस्पॉन्स फॅक्टर नको. क्षेत्रफळाचं गुणोत्तर हेच उत्तर.

---

गंधकण | सोमवार, सायंकाळी ६:४५

कोणतं पीक आर आणि कोणतं एस, हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगणार नाही. दोघांचे स्पेक्ट्रम तंतोतंत एक. संगणकातल्या स्पेक्ट्रमच्या संग्रहाशी जुळवून 'लिनालूल ९७ टक्के' असं उत्तर दोन्ही पिकांना मिळेल. ते बरोबरही आहे आणि निरुपयोगीही.

क्रम ठरवायचा तो ओळखीच्या नमुन्यावरून. दुसऱ्या कॉलमवर छापलेला क्रम उचलू नका. सायक्लोडेक्स्ट्रिनवरचे गट बदलले की क्रम उलटू शकतो, आणि एकाच नावाचे दोन कंपन्यांचे कॉलम सारखेच वागतील असंही नाही. महागडे शुद्ध स्टॅण्डर्ड नसतील तर निसर्गातलेच वापरा:

लिनालूलचं एस रूप धने तेलात वरचढ असतं. आर रूप हो-वुड तेलात जवळजवळ एकटंच असतं. लिमोनीनचं आर रूप संत्र्या-मोसंब्याच्या सालीत मिळतं. साल हेक्झेनमध्ये दहा मिनिटं बुडवली तरी पुरते. कार्व्होनचं एस रूप बाळंतशेपाच्या तेलात, आर रूप स्पिअरमिंटच्या तेलात. शेपू आणि स्पिअरमिंट, एकच रेणू डावा-उजवा, आणि नाकाला मात्र दोन वेगळे वास. मेंथॉलचं मायनस रूप आपल्या जपानी पुदिन्याच्या तेलात.

ओळखीचा नमुना वेगळा टोचून वेळ जुळवणं पुरेसं नाही. तेलात तो थोडा मिसळून पुन्हा टोचा. जे पीक वाढलं ते त्याचं. वेळ ०.०३ मिनिटं इकडेतिकडे सरकते, मिसळलेला नमुना सरकत नाही.

---

धनेजिरे | बुधवार, सकाळी ११:१५

केलं. हायड्रोजन ४२ सें.मी., सांगितलेला कार्यक्रम, ०.५ टक्के द्रावण, स्प्लिट १:१००, इनलेट २२०.

रेसिमिक: २७.३८ आणि २७.८१ मिनिटं. निम्म्या उंचीवरची रुंदी ०.११ आणि ०.१२. म्हणजे १.१८ × ०.४३ ÷ ०.२३ = २.२. गुणोत्तर ५०.१:४९.९. कॉलम ठणठणीत आहे.

हो-वुड तेल मिसळून क्रम पक्का केला. एस रूपाचं प्रमाण, तीन-तीन इंजेक्शनांची सरासरी:

न. १: ८६.९ टक्के
न. २: ८६.१ टक्के
न. ३: ७४.८ टक्के

न. ३ मध्ये भेसळ आहे असं लिहून टाकू?

---

पाषाण_रोड | बुधवार, सकाळी ११:५०

थांबा. आधी न. १ च्या ऊर्ध्वपातनाचा तपशील द्या. धने किती, पाणी किती, किती वेळ?

---

धनेजिरे | बुधवार, दुपारी १२:१०

२०० ग्रॅम धने, भरड केलेले, १ लिटर पाणी, ३ तास. तेल ०.५ मि.ली.च्या आसपास. सोडियम सल्फेटवर वाळवून तपकिरी व्हायलमध्ये ४ अंशांवर ठेवलंय.

---

पाषाण_रोड | बुधवार, दुपारी १:००

मग ठीक. उतारा कमी वाटत असेल तर तो तुमचा दोष नव्हे. आपल्याकडच्या मोठ्या दाण्याच्या धन्यांत तेल मुळातच ०.१ ते ०.३५ टक्के असते. युरोपातल्या बारीक दाण्याच्या जातीत ते एक टक्क्याच्या वर जाते. भरड मिक्सरमध्ये थांबून थांबून करावी. भांडे गरम झाले की सगळ्या मंडईला वास जातो आणि व्हायलमध्ये उरत नाही.

वेळ विचारण्याचे कारण असे की लिनालूल आम्लधर्मी पाण्यात उकळत राहिले तर स्वतःच थोडे थोडे रेसिमिक होते. धन्यांच्या पाण्यात तीन तासांत फार बिघडत नाही. पण हेच काम कोणी आंबट फळाच्या सालीवर किंवा फुलांवर करत असेल तर पाण्याचा सामू तपासावा, ७ च्या जवळ आणावा आणि पातन लांबवू नये. नाहीतर स्वतः काढलेल्या अस्सल तेलावरच भेसळीचा शिक्का मारून बसाल. लिनालिल अ‍ॅसिटेट या बाबतीत जास्त भरवशाचे. म्हणून लॅव्हेंडरमध्ये जाणकार लिनालूलपेक्षा अ‍ॅसिटेटचे गुणोत्तर आधी पाहतात.

तेल काढायचेच नसेल तर हेडस्पेस एसपीएमई करा, म्हणजे व्हायलमधल्या हवेतली वाफ लेप दिलेल्या फायबरवर शोषून घ्या. १ ग्रॅम भरड, २० मि.ली.ची व्हायल, ४० अंश, २० मिनिटे, १०० मायक्रॉन पीडीएमएस फायबर. फायबर दोन्ही रूपे सारखीच शोषतो. त्यामुळे इतर घटकांची टक्केवारी बदलली तरी हे गुणोत्तर बदलत नाही. त्यात उकळणे नाही, आम्ल नाही. तुमचे न. १ चे ८६.९ यावर पडताळून घ्या.

---

रेषांकन | बुधवार, दुपारी ३:२०

आता न. ३. धने तेलात एस-लिनालूल साधारण ८५ ते ८८ टक्के असतं. ७४.८ हा त्या पट्ट्यात बसत नाही, एवढं नक्की. पण 'किती भेसळ' हे एका आकड्याने ठरत नाही. समीकरण मांडून बघा.

समजा रेसिमिक लिनालूल घातलं. अस्सल ८६.९ धरलं तर (८६.९ − ७४.८) ÷ (८६.९ − ५०) = ३२.८ टक्के. अस्सल ८५ धरलं तर २९, ८८ धरलं तर ३५. म्हणजे उत्तर २९ ते ३५ टक्के. आणि हे टक्के लिनालूलपैकी आहेत, तेलापैकी नाहीत. तेलात लिनालूल ७४ टक्के, म्हणजे तेलाच्या हिशेबाने २१ ते २६ टक्के. अहवालात ही गल्लत फार वेळा दिसते.

समजा रेसिमिक नाही, आर-लिनालूलचं स्वस्त नैसर्गिक तेल घातलं, ज्यात एस जेमतेम २ टक्के. मग (८६.९ − ७४.८) ÷ (८६.९ − २) = १४.३ टक्के. तोच ७४.८, पण घातलेला माल निम्म्याहून कमी आणि 'नैसर्गिक'.

दोन्हीपैकी कोणतं, ते ठरवायला साध्या कॉलमकडे परत जा. कृत्रिम लिनालूलच्या मागे डायहायड्रोलिनालूल आणि डीहायड्रोलिनालूलचे अंश राहतात. तेल १० टक्के करून, स्प्लिट १:१० ठेवून, मास स्पेक्ट्रोमीटरवर लिनालूलच्या आगेमागे शोधा. इथे मुख्य पीक फुगलं तरी चालेल, आपल्याला त्याच्या बाजूची बारीक गवतपाती पाहायची आहे. ती मुख्य पिकाच्या सावलीत गेली तर कार्यक्रम थोडा सावकाश करा.

---

कापूरआरती | बुधवार, रात्री ९:०५

थोडं विषयांतर. हाच कॉलम वापरून देवपूजेचा कापूर नैसर्गिक की कृत्रिम ते कळेल का? भीमसेनी म्हणून जो मिळतो त्याबद्दलही.

---

गंधकण | बुधवार, रात्री ९:५०

कळेल, पण एवढ्यासाठी जीसी चालू करू नका.

कापराच्या झाडाचा कापूर म्हणजे प्लस रूप. टर्पेंटाइनपासून बनवलेला कापूर पायनीनवरून कॅम्फीन, मग आयसोबॉर्निल अ‍ॅसिटेट, मग आयसोबॉर्निऑल असा येतो. या वाटेत डावे-उजवे एकमेकांत मिसळतात आणि शेवटी रेसिमिक माल मिळतो. कापूर हा एकच शुद्ध पदार्थ आहे, मग पोलरिमीटर (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र) पुरतो. १ ग्रॅम कापूर अल्कोहोलमध्ये विरघळवून १० मि.ली. करा, १ डेसिमीटरची नळी, सोडियमचा पिवळा दिवा. नैसर्गिक असेल तर काटा प्लस ४.१ ते ४.४ अंशांवर जाईल, कृत्रिम असेल तर शून्यापाशी राहील. वडीत मेण किंवा इतर काही असेल तर आधी उडवून शुद्ध करून घ्या.

तेलात हीच युक्ती चालत नाही. तेलात वळवणारे दहा घटक, एकाचं वळण दुसऱ्याने खोडता येतं, आणि भेसळ करणाऱ्यालाही पोलरिमीटर परवडतो.

'भीमसेनी' या नावावरून काही ठरवू नका. खरा भीमसेनी म्हणजे ड्रायोबॅलॅनॉप्स झाडाचा प्लस-बॉर्निऑल. तो कापूरच नाही. साध्या जीसी-एमएसवर आधी पाहा, रेणुभार १५२ आहे की १५४. १५२ असेल तर पुडीवर काहीही छापलेलं असो, आत कापूर आहे. १५४ निघाला आणि शेजारी आयसोबॉर्निऑलचं मोठं पीक दिसलं तर माल कृत्रिम, कारण कृत्रिम बॉर्निऑलमध्ये ते सोबत येतंच. कायरल कॉलमपर्यंत पोहोचायची गरजच पडत नाही.

---

हापूसप्रेमी_कोथरूड | गुरुवार, सकाळी ८:३०

आंब्याच्या स्वादाचं काय? आंबा बर्फी, आम्रखंड यांत 'नैसर्गिक स्वाद' लिहिलेलं असतं. हापूसच्या वासावर आपल्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) काम झालंय, त्यात लॅक्टोन महत्त्वाचे सांगितलेत. लॅक्टोन कायरल असतात ना?

---

पाषाण_रोड | गुरुवार, सकाळी १०:१५

असतात, आणि गॅमा-लॅक्टोन सायक्लोडेक्स्ट्रिनवर लिनालूलपेक्षाही सहज फुटतात. अडचण दुसरीच. पदार्थात ते दशलक्षांश भागात किंवा त्याहून कमी असतात, आणि आम्रखंडात स्निग्धांश असतो. स्निग्धांश सरळ इंजेक्ट केला तर लायनर आणि कॉलमचे तोंड दोन्ही गेले. शिवाय लॅक्टोन दुधाच्या स्निग्धांशातही नैसर्गिकरीत्या असतात. ते मुख्यतः डेल्टा जातीचे, पण आम्रखंडाचा निकाल त्यामुळे गोंधळतो. म्हणून आंब्याचा गर स्वतंत्र तपासावा, चक्का स्वतंत्र.

कृत्रिम गॅमा-डेकालॅक्टोन रेसिमिक असतो. पण किण्वनाने बनवलेलाही मिळतो. एरंडेलातले रिसिनोलिक आम्ल यीस्टला खाऊ घालायचे, ते साखळी तोडत तोडत गॅमा-डेकालॅक्टोन देते, आणि तो जवळजवळ पूर्ण आर रूपाचा असतो. पीच, जर्दाळू अशा फळांत आर वरचढ असले तरी थोडे एस असतेच. त्यामुळे तिथे ५०:५० इतकाच ९९:१ सुद्धा संशयास्पद. भेसळ म्हणजे नेहमी रेसिमिक, हे डोक्यातून काढून टाका.

आणि फ्युरॅनिऑलच्या मागे लागू नका. हापूसच्या वासात तो आहे, त्यात कायरल केंद्रही आहे, पण किटो-इनॉल अदलाबदलीमुळे तो स्वतःहून रेसिमिक होतो. झाडाचा घ्या, कारखान्यातला घ्या, ५०:५०.

---

तूळयंत्र | गुरुवार, दुपारी २:४०

चांगला धागा. एक मुद्दा सुटतोय असं वाटलं: कुठे ही पद्धत वापरायचीच नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातलं सिट्रल, रोशा गवतातलं जेरानिऑल, व्हॅनिलिन, बडीशेपेतलं अ‍ॅनेथॉल. यांना डावं-उजवं रूपच नाही. तिथे कार्बन समस्थानिकांकडे वळावं लागतं. त्या तेलांतला एखादा लहान कायरल घटक पाहता येतो, पण मुख्य घटकच कृत्रिम घातला असेल तर तो लहान घटक फक्त पातळ झालेला दिसेल, गुणोत्तर जसंच्या तसं.

दुसरं, पकडण्याची मर्यादा निसर्गच ठरवतो. लॅव्हेंडरमध्ये लिनालिल अ‍ॅसिटेट ९८-९९ टक्के आर. त्यात ४ टक्के रेसिमिक घातलं की एस लगेच २ टक्क्यांनी वर येतं, रिकाम्या पाटीवर खडूची रेघ दिसावी तसं. धने तेलात मुळातच १२ ते १५ टक्के आर. तिथे ५ टक्के रेसिमिक घातलं तर ८६.९ चं ८५.१ होतं, आणि ते अस्सल पट्ट्यातच बसतं. उपकरण कितीही भारी आणा, धने तेलात १० टक्क्यांखालची रेसिमिक भेसळ एकट्या लिनालूलवरून सिद्ध होत नाही.

उलट टी-ट्री तेल पाहा. त्यात टर्पिनेन-४-ऑलचं गुणोत्तर साधारण दोन तृतीयांश प्लस, एक तृतीयांश मायनस. शुद्धतेपासून लांब, तरीही उपयोगी, कारण अस्सल तेलांत ते फार हलत नाही. म्हणून त्या तेलाच्या आयएसओ ४७३० या मानकात हे गुणोत्तर घेतलं आहे. पट्टा अरुंद असणं महत्त्वाचं, टोकाला असणं नाही. सर्वसाधारण पद्धतीसाठी आयएसओ २२९७२ आहे, २००४ चं. प्रयोगशाळेने ते हाताशी ठेवावं.

---

रेषांकन | गुरुवार, दुपारी ३:३०

@तूळयंत्र, १० टक्क्यांचा मुद्दा मान्य, पण 'एकट्या लिनालूलवरून' हे शब्द ठळक करा. त्याच धावेत अल्फा-पायनीन आणि लिमोनीनचीही गुणोत्तरं मिळतात, ती फुकट आहेत. शिवाय न. ३ मध्ये लिनालूल ७४ आहे. ते वाढलं असेल तर बाकीचं आपोआप आटलं असणार. @धनेजिरे, गॅमा-टर्पिनीन, कापूर आणि जेरानिल अ‍ॅसिटेट यांची आपापसांतली गुणोत्तरं न. १ सारखीच आहेत, पण तिन्ही सारख्याच प्रमाणात खाली गेलेत का, ते पाहा.

---

धनेजिरे | शुक्रवार, दुपारी ४:२०

पाहिलं. तिघांची आपापसांतली गुणोत्तरं न. १ च्या जवळच आहेत आणि तिन्ही जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी. जास्त घट्ट द्रावणात लिनालूलच्या बाजूला डायहायड्रोलिनालूल स्पष्ट दिसलं, न. १ आणि न. २ मध्ये नाही. एसपीएमईने न. १ चं एस ८७.०.

म्हणजे रेसिमिकच, आणि तेलाच्या साधारण चौथा हिस्सा. समीकरणाचं उत्तरही तेच सांगत होतं.

एक उरलंय. कायरल कॉलमवर कापराचं पीक आर-लिनालूलच्या पायथ्याशी येतं. सध्या तळाशी दोघं चिकटलेली नाहीत, पण न. २ मध्ये दरी उथळ आहे. ८६.१ त्यामुळे आलं असेल का?

---

गंधकण | शुक्रवार, सायंकाळी ५:१०

शक्य आहे. त्याचे दोन उपाय. एक, तापवण्याचा वेग २ वरून १.५ करा. कापूर आणि लिनालूल तापमानाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर बदलतं. कधी वाढतं, कधी उलट अंगावर येतं, म्हणून १.५ आणि २.५ दोन्ही करून बघा. एस चं प्रमाण तिन्ही वेगांना सारखं आलं तर आकडा खरा. वेग बदलल्यावर आकडाही बदलला तर खाली कुणीतरी आहे.

दोन, मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर त्याचा उपयोग इथे होतो. आर-एस सांगायला नाही, पीक एकट्याचं आहे की दुकट्याचं ते सांगायला. पिकाच्या चढावर, माथ्यावर आणि उतारावर ७१ आणि ९३ आयनांचं गुणोत्तर घ्या. सारखं असेल तर लिनालूल एकटं. चढावर ९५, १०८ किंवा १५२ डोकावलं तर कापूर आत आलाय.

---

पाषाण_रोड | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

यात आणखी एक भर. लहान पीक मोठ्याच्या आधी येते की नंतर, यावर बरेच अवलंबून असते. तुमच्याकडे कोण आधी आहे ते पाहा. लहान आर आधी आले तर उत्तम. ते मोठ्या एसच्या नंतर आले तर मोठ्याच्या शेपटीवर बसते आणि त्याचे क्षेत्रफळ हमखास चुकते. ९९:१ सारख्या तेलात तर यावरच सगळे. शेपटी लांबत चालली असेल तर कॉलमचे इनलेटकडचे टोक १५ सें.मी. कापा, फेरूल नवीन घाला, सेप्टमचे कण लायनरमध्ये पडलेत का पाहा. तरीही नाही जमले तर उलट क्रम देणारा दुसरा कॉलम घ्यावा. आणि दुसऱ्या कॉलमसाठी जे कारण तुम्हाला दाखवायचे होते, ते हेच :)

---

धनेजिरे | शनिवार, सकाळी १०:००

लहान पीकच आधी आहे, २७.३८ वालं. मिनिटाला १.५ अंशांवर न. २ चं एस ८६.४, २.५ वर ८५.७, आणि २.५ वर चढावर १०८ दिसतो. म्हणजे कापूर थोडा घुसत होता. पुढे १.५ च वापरतो.

अहवालात न. ३ बद्दल असं लिहितोय: 'लिनालूलमधील एस रूपाचे प्रमाण ७४.८ टक्के, याच पद्धतीने तपासलेल्या स्वतः ऊर्ध्वपातित नमुन्यात ८६.९ टक्के. डायहायड्रोलिनालूल आढळले. इतर घटकांच्या प्रमाणातील घट सुमारे चतुर्थांश. हे निष्कर्ष रेसिमिक लिनालूल मिसळल्याशी सुसंगत आहेत.' चालेल?

---

तूळयंत्र | शनिवार, सकाळी १०:४०

चालेल. कॉलमचं नाव, तापवण्याचा वेग, रेझोल्यूशन आणि रेसिमिकचं ५०.१:४९.९ हेही त्यातच टाका. ते नसेल तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल. आणि न. ३ ची बाटली संपवू नका, निम्मं तेल सील करून ठेवा.

---

रेषांकन | शनिवार, सकाळी ११:१५

काम संपल्यावर कॉलमबद्दल दोन शब्द, कारण पावसाळा तोंडावर आहे. सायक्लोडेक्स्ट्रिनचा कॉलम साध्या कॉलमसारखा सॉल्व्हंटने धुऊ नका. कंपनीने परवानगी दिली असेल तरच. वरची मर्यादा बहुधा २२०-२३० असते, ती पत्रकात पाहा आणि रोज तिच्या १०-२० अंश खालीच थांबा. वाहक वायूच्या वाटेवर ऑक्सिजन आणि ओलावा अडवणारे सापळे हवेत. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी पुण्याच्या जुलैमध्ये एफआयडीची बेसलाइन नाचवतं. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की त्याच दिवशी बदला, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. जीसीला यूपीएस असू द्या. वीज गेली की प्रवाह-नियंत्रक बंद, ओव्हन मात्र गरम, आणि त्या दहा मिनिटांत आत शिरलेली हवा फिल्म जाळते.

काढून ठेवताना दोन्ही टोकं जुन्या सेप्टममध्ये खोचा. पुन्हा लावल्यावर आधी थंड ओव्हनमध्ये अर्धा तास नुसता वाहक सोडा, डिटेक्टरचं टोक मोकळं ठेवून. मग मिनिटाला २-३ अंशांनी वर. पहिलं इंजेक्शन रेसिमिक लिनालूलचंच.